आर्मासचे दोन उन्हाळे

युहान्नुसच्या दिवशी तळ्यावर कोणी महत्त्वाचं बोलायचं नाही, असा साइमीचा जुना दंडक होता. अमेरिकेत स्थायिक झालेल्या फिनिश घरांचा उन्हाळी सण, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी तळ्याकाठच्या छोट्या घरी, कँपवर, जमायचं, वाफ घ्यायचा लाकडी सौना तापवायचा, संध्याकाळी काठावर लाकडांचा ढीग पेटवायचा आणि पोट फुटेस्तोवर खायचं. भांडणं, आजारपणं, घराच्या वाटण्या, सगळं दुसऱ्या दिवशी. तिचा नवरा आर्मास गेला त्याला एकतीस वर्षं झाली, तरी दंडक टिकून होता.

त्या वर्षी तो तिच्याच मुलानं, रेइनोनं, मोडला. तोही पहिल्याच कॉफीला.

"ऑगस्टमध्ये मला बासष्ट पूर्ण होतायत," निसूच्या गोड पावाची जाड फोड कॉफीत बुडवत तो म्हणाला. "त्याच महिन्यात सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनचा अर्ज टाकणार. बर्फ काढायची गाडी आता दुसऱ्या कोणीतरी चालवावी. पुढच्या उन्हाळ्यापासून मी इथेच."

पावातल्या वेलदोड्याचा वास दरवळत होता. कोरीननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मान वर न करता आपल्या कपात साखर घातली. खरं तर तिची साखर आधीच घालून झाली होती.

पहिला बोलला वेंडेल. रेइनोच्या थोरल्या बहिणीचा, एलेनचा नवरा. हार्डवेअरचं दुकान चालवून चालवून कुठल्याही गोष्टीचा भाव सांगायची त्याला सवय लागली होती.

"मूर्खपणा आहे," तो म्हणाला. "बासष्टला घेतलास तर चेक कमी येतो. आणि तो जन्मभर कमीच राहतो, नंतर वाढत नाही. सहासष्टच्या आत-बाहेर पूर्ण मिळतो. सत्तरपर्यंत कळ काढलीस तर त्याहून बराच जास्त. माझ्याकडे बघ. सहासष्ट झालेत, हातसुद्धा लावलेला नाही."

"हात कशालाच लावत नाही हा," एलेन म्हणाली. "सगळं सत्तरनंतर. फ्लोरिडा सत्तरनंतर, नवी गाडी सत्तरनंतर. परवा मी म्हटलं, पडदे बदलू या. म्हणाला, थांब जरा. घे रेइनो, तू खुशाल घे! बाबांनी नाही का घेतला? मस्त दोन उन्हाळे काढले त्यांनी."

"तेच म्हणतोय मी," रेइनो म्हणाला.

"आणि कोरीन? तुझं काय म्हणणं?" वेंडेलनं विचारलं.

कोरीननं चमचा बशीत ठेवला. "त्याची नोकरी आहे. तो ठरवेल."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या साइमीनं सुनेकडे पाहिलं. सत्त्याऐंशी वर्षांची ती. कानांनी हल्ली अर्धंच ऐकू येई, पण कुणाचा आवाज कुठे दबला ते तिला बरोबर कळे. "सौना तापला असेल," ती म्हणाली. "पुरुषांनी आधी उरकून घ्या."

*

वरच्या फळीवर दोघं उघडेबंब बसले. रेइनोनं तापल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ फुसकन उठली आणि कानांच्या पाळ्या भाजून गेली. वेंडेलनं नेहमीप्रमाणे "मेलो!" म्हणून डोकं खाली घातलं. चाळीस वर्षं जावई होता, पण वाफेच्या बाबतीत परकाच राहिला होता.

"गंमत नाही करत मी," वेंडेल म्हणाला. "पुन्हा विचार कर. शिवाय पासष्टला सरकारी विमा लागू होतो, तोवर आजारपणाचा विमा कोण देणार तुला? नोकरी सोडलीस की तोही गेला."

बर्चच्या डहाळ्यांची जुडी पाण्यात बुडवून रेइनो रिवाजाप्रमाणे स्वतःच्या पाठीवर मारत राहिला. ओल्या पानांचा वास आला की त्याला हमखास बाप दिसायचा. इथेच, याच फळीवर. खांद्यावर खाणीतल्या खडकाची निळी खूण, छातीत घरघर, आणि चेहऱ्यावर ते हसू. ते हसू रेइनोनं तिशी जवळ येईपर्यंत पाहिलंच नव्हतं.

"बाबा तांब्याच्या खाणीत होते," तो म्हणाला. "हिवाळ्यात अंधारात खाली जायचे, अंधारातच वर यायचे. उजेड फक्त रविवारी, आणि तो चर्चमध्ये. खाण बंद पडली, मग दोन वर्षं शाळेत फरशा पुसल्या. बासष्ट झाल्याबरोबर अर्ज टाकला आणि इथे येऊन बसले. धक्क्यावर, खुर्ची टाकून. मी म्हटलं, बाबा, गळ तरी टाका. म्हणाले, अरे, मासे नकोत मला, मी बघतोय."

"काय?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, सगळंच. चाळीस वर्षांचं राहिलंय."

वेंडेल हसला नाही.

"चौसष्टाव्या वर्षी गेले," रेइनो म्हणाला. "त्यांचे वडील एकसष्टला. आइनोकाका तर साठसुद्धा नाही. आमच्यात पुरुष पासष्टी बघत नाहीत, वेंडेल. सत्तरीला मोठा चेक येईल म्हणतोस. कुणाच्या नावानं येईल? दगडावर कोरलेल्या?"

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो ठणठणीत. बाबांनाही तसंच सांगितलं होतं."

आता वेंडेलनं स्वतःहून दगडांवर पाणी टाकलं. असं तो कधी करत नसे. वाफ खाली बसल्यावर हळूच म्हणाला, "एलेनला सांगू नकोस. मी सत्तरीपर्यंत थांबलोय ते हिशेबासाठी नाही. दुकान बंद केलं की सकाळी उठून कुठे जायचं, ते मला माहीत नाही. लोक येतात, खिळे मागतात, मी देतो. ते गेलं की मग मी कोण?" त्यानं तोंडावरचा घाम पुसला. "तुला निदान माहितेय कुठे बसायचंय ते. घेऊन टाक. मी काही बोलणार नाही."

रेइनोनं त्याच्या पाठीवर जुडीचा एक फटका दिला, आणि दोघं ओरडत तळ्याच्या गार पाण्याकडे पळाले.

*

बायकांची वेळ झाली तेव्हा वाफ मवाळ झाली होती. साइमी खालच्या फळीवर, एलेन आणि कोरीन वर. कोरीन फ्रेंच घराण्यातली. लग्न करून आली तेव्हा सासूपुढे असं नागवं बसायच्या कल्पनेनंच तिला रडू आलं होतं. आता मात्र जगात कुठे मोकळं बोलता येत असेल तर ते इथेच, असं तिला वाटे. तरी आज ती गप्प होती.

"बोल," साइमी म्हणाली.

"काय बोलू, आई?"

"साखर दोनदा घातलीस ते."

एलेन हसली. कोरीनला हसू आलं नाही. दगडांतून चर्र आवाज येत राहिला, आणि मग ती एकदम बोलू लागली.

"मी शाळेच्या स्वयंपाकघरात लागले तेव्हा माझा धाकटा मुलगा पंधरा वर्षांचा झाला होता. म्हणून माझा स्वतःचा चेक एवढासा येणार. दोघं आहोत तोवर भागेल. पण दोघांतला एक गेला की दोन चेक राहत नाहीत. मोठा असतो तो मागं राहिलेल्याला मिळतो, लहान बंद होतो. म्हणजे आज रेइनो जो आकडा ठरवेल ना, तोच पुढे माझा. त्यानं कमी घेतला की मी एकटी त्या कमीत." ती थांबली. "आणि माझी आई पंच्याण्णव वर्षं जगली."

"मग सांग की त्याला," एलेन म्हणाली.

"कसं सांगू? काय म्हणू? की तू मेल्यावर मला पुरायला हवं, म्हणून तू राब? तो तिथे धक्क्यावर बसायची स्वप्नं बघतोय आणि मी त्याच्या मरणाचा हिशेब मांडू? जीभ रेटत नाही, एलेन."

"पण बाबांनीही तेच केलं की. आणि आईचं काय अडलं? आई, तुझं अडलं का काही?"

साइमीनं पायांवर कोमट पाणी ओतून घेतलं. घाई नव्हती तिला.

"तुझा बाप गेला तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते," ती म्हणाली. "पेन्शनच्या कचेरीत गेले. तिथला माणूस भला होता, खुर्ची दिली. म्हणाला, बाई, विधवेला साठीनंतर मिळतं, तेव्हा या. चार वर्षं मधे. मी त्याला विचारलं, या चार वर्षांत खाऊ काय? तो बिचारा टेबलाकडे बघत राहिला."

"म्हणून तू मोटेलात..." एलेन अडखळली.

"म्हणून. हमरस्त्यावरचं मोटेल. दिवसाला बारा-चौदा खोल्यांच्या चादरी बदलायच्या. साठीला चेक सुरू झाला, पण आर्मासनं आधीच कमी करून घेतलेला, त्यात मी साठीलाच घेतलेला, म्हणून आणखी कमी. मग चादरी काही सुटल्या नाहीत."

"तू म्हणायचीस, घरी करमत नाही!" एलेनचा आवाज चढला. "मी सगळ्यांना सांगायचे, आमची आई बघा, पंच्याहत्तरीला टेकली तरी स्वस्थ बसवत नाही तिला."

"मग काय सांगायला हवं होतं? तुमचा बाप दोन उन्हाळे हसला, त्याचं बिल भरतेय म्हणून?"

बाहेर नातवंडं पाण्यात उड्या मारत होती, त्यांचा आरडाओरडा लाकडी भिंतीतून आत येत होता.

"ते उन्हाळे माझेही होते बरं का," साइमी मग मऊ होऊन म्हणाली. "मी धक्क्यावर कॉफी न्यायची, तो माझ्याकडे बघायचा. उजेडात. लग्नानंतर पहिल्यांदा त्याला कळलं की माझे डोळे करडे आहेत. निळे समजत होता तो." ती खुदकन हसली, त्या हसण्यात कुठेतरी सोळा वर्षांची पोर होती. "त्यानं विचारलं असतं ना, साइमी, घेऊ का, तर मी म्हटलं असतं, घे. शंभरदा म्हटलं असतं. मग ते मी त्याला दिलेलं असतं. त्यानं विचारलंच नाही. त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून ते दिलेलं राहिलं नाही, नुसतं गेलेलं झालं."

ती उठायला लागली, तशी कोरीननं खाली उतरून तिला हात दिला.

"त्याला विचारायचं सुचलं नाही," साइमी तिच्या हाताला धरून म्हणाली. "तुझा नवरा त्याचाच मुलगा. त्याला सुचायची वाट बघत बसशील तर जन्म जाईल."

*

जेवणाला सगळे बाहेरच्या लांब टेबलाशी बसले. धुरावलेला मासा, नवे बटाटे, मांसाचं सारण भरलेल्या पेस्ट्या, आणि डासांना पळवायला दोन्ही टोकांना धूर. सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता.

"मी विचार केला," वेंडेल तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "रेइनोचं बरोबर आहे. माणसानं जगून घ्यावं."

"मीही विचार केला," एलेन म्हणाली. "रेइनोचं साफ चूक आहे. त्यानं थांबायला हवं."

सगळे पाहतच राहिले. रेइनोला वाटलं, दोघं मिळून आपली थट्टा करतायत. "दुपारी तर तू मला घे म्हणालीस!"

"दुपारी मला अक्कल नव्हती."

"आणि हा?"

"याला आत्ता नाही."

हशा झाला. पण एलेन हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, आणि तसं झालं की तिला तोंड आवरत नसे. मोटेल, चादरी, मधली चार वर्षं, सगळं तिनं टेबलावर ओतलं. साइमीनं दोनदा "पुरे" म्हटलं, तरी थांबली नाही.

रेइनोच्या हातातला काटा तसाच राहिला. मोटेलात तो कितीदा तरी गेला होता, आईला घरी न्यायला. ती मागच्या दारातून यायची, ॲप्रनमध्ये हात पुसत, आणि दर वेळी म्हणायची, आज काय मजा झाली ऐक. कुणा प्रवाशाचा पोपट सुटला, कुणी दातांची कवळी विसरलं. घरापर्यंत दोघं हसत यायची. त्याच्या लेखी ती आठवण सुखाची होती. आता ती तशीच्या तशी समोर उभी होती, पण तिच्यात आईचे हातही दिसत होते, सोड्यानं उललेले.

"आई," तो म्हणाला, "तू सुखात नव्हतीस?"

साइमी वैतागली. सण होता, मासा गार होत होता. "सुखात होते रे. पोपट खरंच सुटला होता. पण दमले होते. दोन्ही असतं माणसाला एकाच वेळी. आता खा."

रेइनोनं काटा ठेवला आणि उठून सौनाच्या बाजूला गेला. कोरीन थोडा वेळ बसली, मग तीही उठली. वेंडेल काही बोलणार होता. एलेननं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

*

सौनाच्या पायऱ्यांवर दोघं शेजारी बसली. दगडांची ऊब अजून दारातून येत होती. खाली मुलांनी लाकडांचा ढीग पेटवला होता, पण एवढ्या उजेडात जाळ फिकाच दिसत होता.

"तू बोलली का नाहीस?" रेइनोनं विचारलं.

"तू विचारलं का नाहीस?"

तो म्हणाला, "भीती वाटते मला, कोरीन. गाडीत बसलो की छातीकडे लक्ष जातं. बाबांचं वय जवळ येतंय. सत्तरीपर्यंत थांबलो आणि चौसष्टला गेलो, तर मला काय मिळालं? एक पै नाही."

"तुला नाही."

"मग?"

"मला मिळेल. तू थांबलास तेवढ्या वर्षांचं वाढलेलं. तू गेलास तरी ते वाया जात नाही, माझ्याकडे येतं." तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिला सगळ्यात जड गेलं. "मला तू मरायला नको आहेस, रेइनो. शंभर वर्षं जग, मला छळ. पण मी मागं राहिले, तर मला सत्तरीत चादरी बदलायच्या नाहीत. एवढंच."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला इतकं सरळ बोलताना त्यानं फार वर्षांपूर्वी एकदा ऐकलं होतं, लग्नाला होकार देताना.

"आणि धक्का?" तो म्हणाला. "ते तळं? मी नाही थांबू शकत आठ वर्षं. खरंच नाही."

"तुला कोण म्हणतंय तळं सोड? चेक सोड, म्हणतेय." ती त्याच्याकडे वळली. कित्येक महिने शाळेतल्या हंड्यांपुढे उभं राहून तिनं हे मनात घोळवलं होतं. "माझी त्रेसष्टी झालीय. माझा एवढासा चेक मी आत्ताच सुरू करते. तो लहान, तो कमी झाला तरी फारसं बिघडत नाही. तुझ्यामागं तो बंदच व्हायचाय. शाळा मी सोडते. तू हिवाळ्यापुरता गाडीवर जा. बर्फाच्या दिवसांत माणसं मिळत नाहीत म्हणून तुझा साहेब रडतोच ना? हिवाळी माणसालाही विमा देतात, मी विचारून ठेवलंय. बर्फ वितळलं की किल्ली टाक त्याच्या टेबलावर आणि इथे ये. पेस्ट्या रोज मिळणार नाहीत, बटाटे खावे लागतील."

"तू साहेबाला विचारलंस? माझ्या?"

"त्याच्या बायकोला विचारलं. ती शाळेत शिकवते, माझ्याच रांगेत जेवण घेते."

रेइनोला हसू आलं; आधी थोडं, मग जोरात. टेबलावरून एलेननं मान उंच करून पाहिलं. मग त्याचं हसू ओसरलं, आणि बराच वेळ तो जाळाकडे बघत राहिला. हळूहळू उजेड उतरत गेला तसा जाळाला रंग चढला.

"कोरीन," तो म्हणाला. "मी थांबू का?"

तिनं होकारार्थी मान हलवली, आणि त्याच्या केसांत अडकलेलं बर्चचं पान काढून टाकलं.

*

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघं पेन्शनच्या कचेरीत गेली. रेइनोनं चर्चला घालायचा कोट घातला होता. मेपलची पानं टोकांशी लाल व्हायला लागली होती, आणि महिन्याभरात गाडीला बर्फ लोटायचा फाळ बसवायचा होता.

खिडकीपलीकडची मुलगी तरुण होती, नीटस. तिनं कोरीनचं नाव लिहून घेतलं, जन्मतारीख विचारली, सही कुठे करायची ते दाखवलं. कोरीननं सावकाश, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात सही केली. स्वतःच्या नावानं सरकारकडून काही मागायची तिची ही पहिलीच वेळ होती. तिचे कान लाल झाले होते.

मुलीनं मागे उभ्या असलेल्या रेइनोकडे पाहिलं. "आणि आजोबा, तुमचा अर्ज?"

"माझा नाही," रेइनो म्हणाला. "मी हिच्यासाठी थांबलोय."

"बरं," मुलगी म्हणाली, आणि भिंतीपाशी बोट दाखवलं. "मग उभे कशाला राहताय? तिथे खुर्ची आहे, बसा ना."